कॉलेज लागलं, पण पोरगं पोचलंच नाही: एका मेसेजने काय होतं आणि काय होत नाही

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारच्या बातम्या येतात. एक, अमुक कॉलेजचा निकाल इतके टक्के. दोन, अमुक शेतकऱ्याच्या पोरीने इतके गुण मिळवले, पेढा भरवतानाचा फोटो. तिसरी बातमी कधीच येत नाही, कारण ती बातमी होण्यासारखी दिसत नाही. पास झालेलं, फॉर्म भरलेलं, यादीत नाव लागलेलं लेकरू शेवटच्या तारखेला कॉलेजात गेलंच नाही. कुणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये ते हैदराबादला नाहीतर पुण्याला कामावर गेलेलं असतं. पोरगी असली तर घरात दुसरीच बोलणी सुरू झालेली असतात.

अमेरिकेत या गळतीला नाव आहे. तिकडे शाळा संपते मे-जूनमध्ये आणि कॉलेज सुरू होतं ऑगस्टच्या शेवटी. मधल्या उन्हाळ्यात, प्रवेश पक्का झालेली पोरंसुद्धा बर्फासारखी वितळून जातात, म्हणून तिला उन्हाळी वितळण म्हणतात. बेंजामिन कासलमन आणि लिंडसे पेज या दोन संशोधकांनी यावर बरंच काम केलं, २०१४ मध्ये पुस्तकही लिहिलं. त्यांच्या हिशेबाने कॉलेजला जायचं ठरलेल्या पोरांपैकी १० ते ४० टक्के पोरं अशी गळतात. श्रीमंत वस्तीत कमी, गरीब वस्तीत जास्त. हा आकडा वाचून मला तरी नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कारणांचं. बुद्धी कमी पडली, मन फिरलं अशी कारणं थोडी. वसतिगृहाचा फॉर्म राहिला, फीचं बिल कुठं बघायचं ते कळलं नाही, कॉलेजने एक कागद मागितला आणि तो मागितल्याचं पत्र कुणी वाचलंच नाही, असली कारणं जास्त. म्हणजे आपल्याकडचीच.

२०१२ चा प्रयोग

त्यांनी २०१२ च्या उन्हाळ्यात साधा प्रयोग केला. टेक्सासमधलं डॅलस, मॅसॅच्युसेट्समधली लॉरेन्स, स्प्रिंगफील्ड आणि बोस्टन ही शहरं घेतली. नुकत्याच बारावी झालेल्या पोरांना उन्हाळाभर आठ-दहा मेसेज पाठवले. प्रत्येक मेसेजमध्ये एकच काम. या आठवड्यात वसतिगृहाचं बघ. या आठवड्यात फीचं बिल बघ. शेवटी एक ओळ: मदत हवी असेल तर याच मेसेजला उत्तर दे. उत्तर दिलं की पलीकडे खरा माणूस होता, समुपदेशक.

लॉरेन्स आणि स्प्रिंगफील्ड ही गरीब, जुन्या गिरण्या-कारखान्यांची गावं. तिथं ज्यांना मेसेज गेले त्या पोरांत कॉलेजला पोचणाऱ्यांचं प्रमाण सातेक टक्क्यांनी वाढलं, म्हणजे शंभरामागे सात पोरं जास्त पोचली. डॅलसमध्ये फायदा झाला तो मुख्यतः गरीब घरच्या पोरांना. बोस्टनमध्ये मात्र काही फरक दिसला नाही. कारण तिथं पोरांना हात धरून नेणाऱ्या संस्था आधीपासून भरपूर होत्या. खर्च आला पोरामागे साधारण सात डॉलर, आणि तोही समुपदेशकाचा वेळ धरून.

यातली बोस्टनची गोष्ट सगळ्यांत कामाची आहे. मेसेजमध्ये जादू नाही. जिथं सांगणारं कुणी नाही तिथं तो उपयोगी पडतो. नांदेड शहरात शिकवणीला असलेल्या पोराला कोचिंगवाला स्वतः फोन करून सांगतो की आज पर्याय भर, उद्या कागद दाखव. त्याला आणखी एक मेसेज गेला काय आणि न गेला काय. पण किनवटच्या पलीकडच्या तांड्यावरच्या, माहूरच्या डोंगरातल्या, नाहीतर मुखेड-कंधारच्या बाजूच्या वाडीतल्या पोराच्या घरात कॉलेज पाहिलेलं माणूस नसतं. त्याच्यासाठी तोच मेसेज वेगळा.

अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं, विखुरलेल्या वस्त्यांचं. तिथल्या उच्च शिक्षण खात्याने २०१४ पासून शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांना असे मेसेज सुरू केले आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातही चालू ठेवले. पोरांनी उलट प्रश्न विचारायचे आणि माणसांनी उत्तरं द्यायची, अशी ती रचना. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये यात यंत्र आणलं. नेहमीच्या प्रश्नांना संगणकच मेसेजवर उत्तर द्यायचा आणि अडलं की प्रश्न माणसाकडे जायचा. त्यांची उन्हाळी गळती पाचव्या हिश्श्याने कमी झाली.

मग देशभर का चाललं नाही?

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की कुठल्याही खात्याला वाटेल, चला, सगळ्या राज्याला मेसेज पाठवू. अमेरिकेतही तेच वाटलं. त्यानंतर आठ लाखांहून जास्त पोरांवर मोठा प्रयोग झाला, सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज भरा म्हणून. संशोधकांत कासलमनही होते. निकाल काय आला? काहीच नाही. ना अर्ज वाढले, ना प्रवेश. शब्द बदलून पाहिले, मेसेज कोणत्या प्रकारे पाठवायचे ते बदललं, तरी तेच.

आपलाच पहिला निकाल मोठ्या प्रमाणात टिकला नाही हे छापून सांगायला धाडस लागतं, त्याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पण धडा काय? लहान प्रयोगात मेसेज पाठवणारी शाळा होती, शहरातली ओळखीची संस्था होती. मोठ्या प्रयोगात तो आला कुठल्या तरी दूरच्या नावाने. लहान प्रयोगात मजकूर त्या पोराच्या त्या कॉलेजातल्या त्या कामाबद्दल होता. मोठ्यात तो सगळ्यांना लागू पडेल असा, म्हणजे कुणालाच नीट न लागणारा. माझ्या मते सारा फरक इथंच आहे.

कोविडच्या काळात आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात साडेचार हजार कुटुंबांवर झालेला प्रयोगही तेच सांगतो. विषय वेगळा होता, लहान मुलांचं गणित. पण नुसते मेसेज पाठवले त्या घरांत फारसा फरक पडला नाही. मेसेजसोबत आठवड्याला वीसेक मिनिटांचा फोन केला तिथं मुलं पुढं गेली.

फॉर्मवर नंबर कुणाचा?

आता आपल्याकडे या. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा महापालिकांपुरती होती. आपल्याकडे गावातल्या नाहीतर शेजारच्या गावच्या कॉलेजात जायचं, टीसी-मार्कमेमो द्यायचा, झाला प्रवेश. आता पोर्टल, भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतीची कॉलेजं, फेऱ्या. त्यात नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. हा नियम हदगावच्या किती बापांना माहीत होता? इंजिनिअरिंग-फार्मसीच्या कॅप फेऱ्यांत ‘फ्रीझ’ नावाचा प्रकार आहे, पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की जागा आपोआप फ्रीझ होते. शब्दच असा की समजावून सांगणाऱ्यालाही आधी समजून घ्यावा लागतो.

या सगळ्याचे मेसेज येतात. प्रश्न आहे, कुणाच्या फोनवर येतात.

तालुक्याच्या ठिकाणी सेतूवर किंवा नेट कॅफेवर फॉर्म भरला जातो. ओटीपी लागतो. पोराकडे फोन नसतो, बापाचा फोन घरी नाहीतर रिचार्ज संपलेला. मागं रांग लागलेली. मग कॅफेवाला म्हणतो, टाक माझाच नंबर. त्याचा हेतू वाईट नसतो, काम उरकायचं असतं. पण त्या दिवसापासून त्या लेकराचं कॉलेजच्या बाबतीतलं सगळं पत्रव्यवहार कॅफेवाल्याच्या खिशात. एका नंबरवर चाळीस-पन्नास पोरं असली तर तो कुणाकुणाला सांगणार? नंबर मोठ्या भावाचा असला तर भाऊ चाकणला कंपनीत. मामाचा असला तर मामा वसमतला.

मुलींचं आणखी वेगळं. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांना विचारलं होतं. स्मार्टफोन जवळपास प्रत्येक घरात सापडला. पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे मुलीसाठी पाठवलेला मेसेज पाचांपैकी चार वेळा आधी दुसरं कुणी तरी वाचणार. ते वाईटच असं नाही; बापाने वाचला आणि तो तयार झाला तर काम सोपं होतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने हे धरूनच लिहायला हवं. ‘डियर स्टुडंट’ अशी सुरुवात असलेला इंग्रजी मेसेज बाप पुसून टाकतो.

बाकी काहीही करण्याआधी करण्यासारखं काम हेच आहे. दहावी आणि बारावीच्या वर्गशिक्षकाने जानेवारीत वहीत तीन नंबर लिहून घ्यावेत: घरातला, नात्यातल्या शिकलेल्या माणसाचा आणि शेजारचा. आणि फॉर्म भरताना कॅफेवाल्याचा नंबर टाकू नये, हे पोरांना आणि कॅफेवाल्यालाही सांगावं.

सत्तर अक्षरांचं गणित

सरकारी मेसेज इंग्रजीत का असतात, यामागं आळस आहेच, पण एक तांत्रिक कारणही आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेला सगळं वेगळं मोजलं जातं. ७० च्या पुढं गेलं की दोन एसएमएस धरतात आणि खर्च दुप्पट.

पण सत्तरात बसत नाही असं नाही. हा बघा: ‘कॉलेज लागलं. ५ तारखेपर्यंत दाखला घेऊन जा. अडलं तर उत्तर पाठव.’ मोजून ६१. नावासाठी नऊ उरतात. ज्ञानेश्वरचं नाव बसत नाही, त्याला माऊली म्हणावं.

दुसरी अडचण भरवशाची. शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंकवर क्लिक करा, असे फसवणुकीचे मेसेज गावोगाव येतात. पोलीसच सांगतात, अनोळखी लिंक उघडू नका. मग खऱ्या खात्याची लिंक तरी कोण उघडणार? ट्रायच्या नियमांनुसार आता घाऊक मेसेज पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागते, मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, लिंकही आधी कळवावी लागते. २०२५ मध्ये पाठवणाऱ्याच्या नावापुढं अक्षर लावायचा नियम आला. सरकारी असेल तर जी. फसवणुकीला आळा म्हणून हे बरोबर आहे. पण खेड्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजला एवढी नोंदणी करून घाऊक मेसेज पाठवणं जवळपास अशक्य झालं.

यावर उपाय साधा आहे. नेहमीच्या रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. वर्गात ८० पोरं असली तर वर्गशिक्षक आपल्याच सिमवरून एका बैठकीत सगळ्यांना मेसेज पाठवू शकतो. आणि सरांच्या नंबरवरून आलेला मेसेज घरचे वाचतात. अमेरिकेतल्या त्या दोन प्रयोगांतला जो फरक वर सांगितला, तो इथं फुकटात भरून निघतो.

कुणी म्हणेल, व्हॉट्सॲप ग्रुप आहेत की. आहेत. त्यात सकाळचं फूल, वाढदिवसाचा केक आणि चौदा पानांचा जीआर एकाखाली एक येतो. ग्रुप म्हणजे गावच्या चावडीवरचा फलक. चावडीत उभं राहून ‘सर, फीला पैसे नाहीत’ असं कोणतं लेकरू म्हणेल? नावाने आलेल्या मेसेजला मात्र ते रात्री दहा वाजता तसं उत्तर देऊ शकतं. शिवाय एसएमएसला डेटा लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरही येतो.

जिथं मेसेज हरतो

उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या पोराला २०२४ मध्ये आयआयटी धनबादला जागा मिळाली. १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. घरच्यांनी गावातून पैसे गोळा करेपर्यंत पावणेपाच झाले, आणि भरणा होण्याआधी पोर्टल बंद पडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३० सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला लावला. त्या पोराला तारीख माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. नव्हते ते पैसे. अशा ठिकाणी ‘आज शेवटची तारीख’ हा मेसेज म्हणजे जखमेवर मीठ.

म्हणून मेसेज कशासाठी आणि कधी, हे वेगळं करावं लागेल. जात पडताळणीचं उदाहरण घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं. वडिलांची, आजोबांची शाळेची नोंद शोधायची, समितीकडे अर्ज करायचा, त्रुटी आली की पुन्हा फेऱ्या, यात महिने जातात. जूनमध्ये ‘वैधता सादर करा’ असा मेसेज पाठवून उपयोग शून्य. तोच मेसेज बारावीच्या वर्गात असताना, खरं तर अकरावीच्या दिवाळीत गेला तर कामाचा. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत वेगळी, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवण करून द्यायचं. आपल्याकडची गळती जूनमध्ये दिसते, पण तिची मुळं आदल्या हिवाळ्यात असतात.

पैशाच्या बाबतीतही एक गोष्ट मेसेज करू शकतो: जे मिळणारच आहे ते सांगणं. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तरीही गावात आजही ऐकू येतं, इंजिनिअरिंग आपल्याला परवडायचं नाही, पोरीला बीए करू द्या. बीए वाईट नाही. पण खोट्या हिशेबावर घेतलेला निर्णय वाईट. माहिती वेळेवर मिळाली तर तो बदलू शकतो.

आणि प्रवेश झाल्यावरही काम संपत नाही. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही येत नाहीत. अर्ज त्रुटी दाखवून परत येतो आणि पोर्टलवर पडून राहतो. पोराला वाटतं अर्ज केलाय, पैसे येतील. अमेरिकेत कासलमन आणि पेज यांनी हाच मुद्दा पकडला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरांना पुढच्या वर्षाचा मदतीचा अर्ज भरण्याची आठवण मेसेजने केली. दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजे गरीब पोरं जास्त असतात तिथं, दुसऱ्या वर्षी टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे बारा-चौदाने वाढलं. सगळ्या प्रयोगांत मला हा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. प्रवेशाचा गाजावाजा होतो, टिकण्याचा होत नाही.

उत्तर कोण देणार?

खर्चाचा अंदाज करून बघू. एका मेसेजला पाव रुपया धरला, तालुक्यातल्या ५०० पोरांना वर्षभरात १० मेसेज धरले, तर होतात १,२५० रुपये. देवनागरीत दुप्पट झाले तरी अडीच हजार. एका सत्काराच्या शाली-श्रीफळाचा खर्च. पैशाची अडचण नाहीच.

अडचण माणसाची आहे. ५०० पोरांपैकी शंभरांनी जरी ‘सर, दाखला कुठं मिळतो’ असं उलट विचारलं, तर उत्तर द्यायला कोण? वर्गशिक्षकांवर आधीच निवडणूक, सर्वेक्षण, पोर्टल यांचं ओझं आहे. विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाला तर पगाराचीच शाश्वती नाही. त्याने उन्हाळ्यात रात्री मेसेजला उत्तरं द्यावीत असं फुकट म्हणणं बरोबर नाही. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांसाठी तालुक्याला दोन माणसं मानधनावर घेता येतील. त्याच तालुक्यातून शिकायला गेलेली, सुटीत घरी आलेली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं यासाठी सगळ्यांत चांगली. फ्रीझ म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगलेलं असतं, आणि लमाणी, गोंडी, तेलुगू बोलणाऱ्या घरात ती त्या भाषेत फोनही करू शकतात. जिल्हा परिषदेच्या उपकरातून, आमदार निधीतून नाहीतर किनवटच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या योजनांतून हे बसतं का, हे अधिकाऱ्यांनीच सांगावं.

आणि मोजावंही. किनवट तालुक्यात गेल्या वर्षी बारावी झालेल्या किती पोरांचं नाव कुठल्या ना कुठल्या यादीत लागलं आणि त्यातली किती प्रत्यक्ष हजर झाली, हा आकडा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर असायला हवा. निकालाची टक्केवारी असते तसा.